देल्गादो हत्याप्रकरण

पोर्तुगालचा हुकूमशहा आंतोनियो सालाझार याच्या राजवटीतील सर्वांत गाजलेला राजकीय खून. विरोधी नेते जनरल उंबेर्तो देल्गादो (१५ मे १९०६–१३ फेब्रुवारी १९६५) आणि त्यांच्या ब्राझिलियन सचिव आराझारिर मोरेरा दे कांपुस यांना पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या पथकाने स्पेनच्या हद्दीत, बदाहोस प्रांतातील ओलिवेंसा गावाजवळ ठार मारले. प्रेते बरोबर दहा आठवड्यांनी सापडली. गुप्त पोलिसांच्या दप्तरी या कामगिरीचे सांकेतिक नाव ‘ओपेरासांव ओतोनु’, म्हणजे ‘शरद मोहीम’ असे होते. मारेकऱ्यांपैकी एकजण मूळचा गोव्याचा होता. ही बाब युरोपातल्या लेखनात ओझरती येते. गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासात मात्र तिला मोठी जागा असायला हवी.

देल्गादो हे जन्माचे बंडखोर नव्हते. ज्या लष्करी उठावातून पुढे सालाझारची सत्ता उभी राहिली, त्या २८ मे १९२६ च्या उठावात तरुण अधिकारी म्हणून ते सामील होते आणि पुढे अनेक वर्षे राजवटीचे पक्के समर्थक राहिले. नागरी विमान वाहतुकीचे प्रमुख असताना १९४५ मध्ये त्यांनी ‘ताप’ ही राष्ट्रीय विमान कंपनी स्थापन केली. १९५० च्या दशकात लष्करी प्रतिनिधी म्हणून ते वॉशिंग्टनला राहिले आणि तिथे त्यांचे विचार पालटले. १९५८ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी राजवटीचे उमेदवार आमेरिकु तोमाश यांच्याविरुद्ध अर्ज भरला. १० मे रोजी लिस्बनच्या एका कॅफेत पत्रकार परिषद होती. निवडून आलात तर सालाझारचे काय करणार, असे एका वार्ताहराने विचारले. ‘अर्थातच, त्याला बडतर्फ करीन,’ असे उत्तर आले. तीस वर्षे हे वाक्य कोणी चारचौघांत उच्चारले नव्हते. चार दिवसांनी पोर्तु शहरात त्यांच्या स्वागताला रस्ते माणसांनी भरून गेले आणि ‘निर्भय जनरल’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

अधिकृत मोजणीत त्यांना एक चतुर्थांशाच्या आसपास मते दाखवण्यात आली. मतमोजणी राजवटीच्याच हाती असल्याने या आकड्यावर विरोधकांनी कधीच विश्वास ठेवला नाही. सालाझारने मात्र धडा घेतला. १९५९ मध्ये घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद करण्यात आली. देल्गादोंना लष्करातून काढले गेले. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी ब्राझीलच्या वकिलातीत आश्रय घेतला आणि काही महिन्यांनी ते ब्राझीलला गेले.

हद्दपारीतल्या सहा वर्षांत त्यांनी स्वस्थता अशी अनुभवलीच नाही. जानेवारी १९६१ मध्ये त्यांचे सहकारी एन्रिक गाल्वांव यांनी ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज भर समुद्रात ताब्यात घेतले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, नववर्षाच्या रात्री, पोर्तुगालमधील बेझा येथील लष्करी तळावर उठाव झाला. त्यासाठी देल्गादो वेषांतर करून मायदेशात शिरले होते. उठाव फसला, तरी ते निसटले. पुढे अल्जीरियात पोर्तुगीज विरोधकांच्या आघाडीत ते दाखल झाले. पण सशस्त्र उठावाची घाई करणारे जनरल आणि आघाडीतले इतर नेते यांचे जमले नाही. १९६४ मध्ये फाटाफूट झाली. एकटे पडलेले, पैशाने ओढग्रस्त आणि देशात अजून आपल्यासाठी उठणारे अधिकारी आहेत यावर श्रद्धा असलेले देल्गादो सापळ्यात सापडायला सोपे झाले होते.

सापळा कसा रचला गेला : ‘पिडे’ हे या गुप्त पोलीस यंत्रणेचे आद्याक्षरी नाव, पूर्ण नावाचा अर्थ ‘आंतरराष्ट्रीय व राज्यसंरक्षण पोलीस’. १९४५ मध्ये तिला हे रूप मिळाले. नावातल्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला या प्रकरणात फार महत्त्व आहे. परदेशी लोकांची नोंद आणि सीमेवरच्या चौक्या पिडेकडेच होत्या. म्हणजे खोटे पासपोर्ट वापरणारे आणि पासपोर्ट तपासणारे एकाच खात्याचे नोकर होते. खबऱ्यांना पोर्तुगीज बोलीत ‘बुफु’ म्हणत. असाच एक बुफु, रोममध्ये राहणारा मारियु दे कार्व्हाल्यु, देल्गादोंचा विश्वासू मित्र बनून बसला होता. त्याच्यामार्फत एर्नेश्तु लोपिश रामुश हा पिडे अधिकारी वकील असल्याचे सोंग घेऊन १९६४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये देल्गादोंना भेटला. सीमेजवळ या, लष्करातले असंतुष्ट अधिकारी भेटायला येतील, असे ठरले.

फेब्रुवारीत जनरल आणि आराझारिर बदाहोसला पोहोचले. १३ तारखेला आंतोनियु रोझा काझाकु याच्या नेतृत्वाखालचे चौघांचे पथक दोन मोटारींतून सीमा ओलांडून आले. काझाकुखेरीज त्यात लोपिश रामुश, आगोश्तिन्यु तिएन्झा आणि कासिमिरु मोंतेरो होते. ओलिवेंसाजवळच्या निर्जन जागी दोघांना ठार मारून प्रेते व्हियानुएवा देल फ्रेस्नो गावाजवळ पुरली गेली. त्यांवर चुनकळी आणि गंधकाम्ल ओतले होते. मारेकरी आपल्याच खात्याच्या चौकीवरून परत गेले.

तपास : २४ एप्रिल १९६५ रोजी मेंढ्या चारणाऱ्या पोरांना ती प्रेते सापडली. खड्डा उथळ होता. लिस्बनच्या सरकारने हात झटकले आणि विरोधकांच्या आपसातल्या भांडणातून हे घडले असावे असा सूर लावला. अल्जीरियातली फाटाफूट सर्वज्ञात असल्याने काही काळ तो खपलाही. परंतु प्रेते पोर्तुगालच्या बाहेर होती, आणि सारा तपास त्या एका गोष्टीवर तगला. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही असली, तरी दुसऱ्या देशाच्या पोलिसांनी आपल्या हद्दीत येऊन मुडदे पाडावेत हे तिथल्या न्यायखात्याला रुचणारे नव्हते. बदाहोसच्या तपासी न्यायाधीशाने शवविच्छेदन करवले, मोटारींचा माग काढला, हॉटेलच्या नोंदी पाहिल्या. हेच खड्डे सीमेच्या पलीकडे खणले गेले असते, तर तपासही पिडेनेच केला असता. देल्गादो कुटुंबाचे वकील मारियु सुआरिश या कामी लढले. त्यांना पुढे अटक आणि १९६८ मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपारी भोगावी लागली. हेच सुआरिश लोकशाही आल्यावर पोर्तुगालचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले.

२५ एप्रिल १९७४ च्या ‘कार्नेशन क्रांती’ने राजवट कोसळली. प्रेते सापडल्याला तेव्हा नऊ वर्षे आणि एक दिवस झाला होता. पिडेच्या लिस्बनमधील मुख्यालयातून जमावावर गोळीबार होऊन चारजण ठार झाले. पण इमारत आणि तिच्यातले दप्तर हाती लागले. आज ते तोर्रे दो तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

खटला लष्करी न्यायालयात चालला आणि निकाल जुलै १९८१ मध्ये लागला. मोहीम पळवून आणण्यासाठी होती, मोंतेरोने आदेशाबाहेर जाऊन गोळ्या घातल्या, असे न्यायालयाने मानले. त्याला गैरहजेरीत १९ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. इतरांवर मुख्यतः बनावट कागदपत्रांसारखे किरकोळ गुन्हे उरले. पिडेचे संचालक सिल्व्हा पाइश निकालाआधीच वारले होते. हा निकाल पटणारा नाही. माणसाला जिवंत उचलून आणायला निघालेल्यांना चुनकळी आणि आम्ल कशाला लागते, याचे उत्तर त्यात मिळत नाही. देल्गादोंचे नातू फ्रेदेरिकु देल्गादो रोझा यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात स्पॅनिश शवविच्छेदनाचा आधार घेऊन दाखवले, की जनरल गोळीने नव्हे, डोक्यावरच्या प्रहारांनी मेले. खुद्द सालाझारला आधीपासून किती ठाऊक होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

देल्गादोंचे अवशेष १९९० मध्ये राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलवले गेले आणि त्यांना मरणोत्तर मार्शल करण्यात आले. २०१६ पासून लिस्बनचा विमानतळ त्यांच्या नावाने ओळखला जातो. आराझारिर यांचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी ‘सचिव’ एवढ्या एका शब्दात संपतो. त्या कोणत्याही उठावाच्या सूत्रधार नव्हत्या. साक्षीदार उरू नये एवढ्याच कारणाने त्यांचा जीव गेला.

गोव्याशी संबंध : कासिमिरु मोंतेरोचा जन्म गोव्यातला. १९५० च्या दशकात तो गोव्याच्या पोलिसांत होता आणि तुरुंगात डांबलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत ‘आजेंत मोंतेरो’ हे नाव मारहाणीच्या आणि छळाच्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा येते. गोवा मुक्त झाल्यावर पिडेने त्याला इतरत्र वापरले. त्यामुळे ओलिवेंसाजवळ जे घडले, त्याची तालीम मांडवीच्या काठी आधीच होऊन गेली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. १९६९ मध्ये दार-ए-सलाम येथे पार्सल बाँबने मारले गेलेले मोझांबिकचे नेते एदुआर्दु मोंदलाने यांच्या हत्येतही त्याच्यावर संशय घेतला जातो.

देल्गादोंचा खून झाला तेव्हा मराठी मुलखातला एक माणूस पिडेच्याच कोठडीत होता. सांगलीचे मोहन रानडे सावई-वेरेला शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात लढले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि २६ वर्षांची शिक्षा घेऊन लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात पोहोचले. गोवा मुक्त होऊनही त्यांची सुटका झाली नाही. सुधीर फडके आदींनी त्यांच्या मुक्ततेसाठी महाराष्ट्रात चळवळ चालवली. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले.

मोंतेरोने ठोठावलेल्या शिक्षेतला एकही दिवस भोगला नाही. क्रांतीनंतर तो दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि १९९३ मध्ये तिथेच वारला.