तुरुंगातील मांडणशिल्पे

बंद पडलेल्या ऐतिहासिक तुरुंगाच्या कोठड्यांत, बराकींत किंवा अंगणात, त्या जागेसाठीच घडवलेली समकालीन दृश्यकलाकृती. मांडणशिल्पासमोर प्रेक्षक नुसता उभा राहत नाही, तो त्याच्या आत शिरतो. तुरुंगात तर भिंती आधीपासूनच बोलत असतात. त्यांच्यावर आवाज चढवणारी कलाकृती तिथे फसते, त्यांचे ऐकून घेणारी टिकते.

फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग हे यातले ठळक ठिकाण. जॉन हॅविलंड यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हा तुरुंग १८२९ मध्ये सुरू झाला. मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी निघतात आणि कोठडीत उजेड येतो तो छताच्या झरोक्यातून. कैद्याला एकटे ठेवले की त्याला पश्चात्ताप होईल, ही त्यामागची धारणा. १९७१ मध्ये तुरुंग बंद झाला, पुढे आत झाडेझुडपे माजली. १९९४ पासून तो लोकांना रोज पाहता येऊ लागला. पडझड लपवायची नाही, फक्त थोपवायची, असे तिथले धोरण आहे आणि ते योग्यच आहे. जॅनेट कार्डिफ व जॉर्ज ब्यूर्स मिलर यांनी २००५ मध्ये तिथे ‘पँडेमोनियम’ मांडले. कोठड्यांत उरलेल्या सामानावर यंत्राचे हात ठोके देत. आधी एका कोठडीतून टकटक, मग दुसरीतून उत्तर, आणि शेवटी सारी बराक दणाणून जाई.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावरचा तुरुंग १९६३ मध्ये बंद झाला. २०१४-१५ मध्ये तिथे आय वेईवेई यांचे प्रदर्शन भरले. पासपोर्ट चिनी सरकारने अडकवून ठेवल्याने ते स्वतः तिथे जाऊ शकले नाहीत. विचारांपायी तुरुंगात गेलेल्या किंवा देश सोडावा लागलेल्या १७६ जणांचे चेहरे त्यांनी लेगोच्या ठोकळ्यांतून जमिनीवर मांडले. एका बराकीतल्या बारा कोठड्यांत फक्त बसायला एक स्टूल आणि बंदिवास भोगलेल्यांच्या कविता-गाण्यांचा आवाज होता. एवढ्या कमी साहित्यात एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल.

सोलापूरकराला सर्वांत जवळचे वाटावे ते जेसी क्राइम्स यांचे काम. अमेरिकेच्या तुरुंगात असताना त्यांनी केसांना लावायची जेल आणि चमचा वापरून वर्तमानपत्रांतली चित्रे तुरुंगाच्या चादरींवर उतरवली. तीन वर्षांत अशा ३९ चादरी झाल्या. त्या एकेक करून टपालाने बाहेर गेल्या. पूर्ण चित्र त्यांना दिसले ते सुटल्यावरच. त्याचे एक रूप पुढे ईस्टर्न स्टेटच्या कोठडीत भिंतींवर लावले गेले.

चादरींच्या या शहराचा तुरुंगाशी असलेला संबंध मात्र पुण्यात आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ती येरवड्यात दिली गेली. त्यांचे पुतळे सोलापुरात आहेत, पुणे-सोलापूर गाडीचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस आहे. येरवडा आजही चालता तुरुंग आहे. २०२१ मध्ये तिथे तुरुंग पर्यटन सुरू झाले, पण कोठडीत मनाला येईल तेव्हा शिरून स्टुलावर शांत बसून राहण्याची मोकळीक चालत्या तुरुंगात मिळत नाही. ही कला बंद तुरुंगांतच रुजली, ती त्यामुळेच.