एमडीएस, पण कशात?

स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत जेमतेम दहा मिनिटं लागतात. तेवढ्या रस्त्यात दातांच्या दवाखान्यांच्या 11 पाट्या आहेत. मुंबईत यात नवल काहीच नाही. एरवी मी त्या मोजल्याही नसत्या. पण उजवीकडची खालची अक्कलदाढ ठणकत होती, गाल सुजला होता आणि तोंडात दोनच बोटं शिरत होती. (एरवी आपली तीन बोटं उभी आत जातात. करून बघा.) 11 पैकी 7 पाट्यांवर नावापुढे एमडीएस होतं. कशात एमडीएस, हे मात्र एकाच पाटीवर लिहिलेलं होतं.

बीडीएस ही दंतवैद्याची पहिली पदवी: चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप. त्यापुढे तीन वर्षांचं एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, आणि त्याच्या नऊ शाखा. कोणी रूट कॅनॉलमध्ये मुरलेला, कोणी तारा बसवण्यात, कोणी हिरड्यांत, कोणी कवळ्यांत. ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी ही त्यातली एक शाखा: तोंड, जबडे आणि चेहऱ्याच्या हाडांची शस्त्रक्रिया. साधी दाढ कोणताही चांगला दंतवैद्य काढतो. हाडात आडवी झोपलेली अक्कलदाढ ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्याचं कारण हाडाच्या आत दडलेलं आहे.

खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो. त्यातून रक्तवाहिन्या आणि एक नस जाते. ही नस त्या बाजूचे दात, खालच्या ओठाची ती बाजू आणि हनुवटी यांची खबर मेंदूला देते. खालची दाढ काढण्याआधी भुलेचं इंजेक्शन देतात ते याच नसेसाठी. त्यानंतर अर्धा ओठ जाड, परका वाटू लागतो ना? दाढ काढताना नस दुखावली तर नेमकं तेच वाटत राहतं, फक्त काही तासांऐवजी काही महिने, क्वचित कायमचं. तोंड वाकडं होत नाही, कारण ही नस ओठ हलवत नाही. पण चहाचा कप ओठाला टेकला की नाही ते कळत नाही, दाढी करताना कापलं तरी समजत नाही.

घराजवळच्या पहिल्या दवाखान्यात एका दाढेचा छोटा एक्स-रे काढून ‘लगेच काढून टाकू’ म्हणाले. त्या फिल्मवर मुळांची टोकंसुद्धा पूर्ण आली नव्हती. मी उठलो.

दुसऱ्या ठिकाणी आधी ओपीजी काढायला पाठवलं. दोन्ही जबडे एकाच लांब चित्रात येतात तो एक्स-रे. बोगदा त्यात दोन बारीक पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. माझ्या चित्रात वरची रेघ पुढून नीट येत होती आणि दाढेच्या मुळाशी तुटत होती. मुळावर तेवढ्याच जागी काळपट पट्टा. सर्जनबाईंनी पेनाच्या टोकानं तो दाखवला. मूळ आणि नस एकमेकांना खेटून असल्याची ही खूण. पण सपाट चित्रात नस मुळाच्या पुढे आहे की मागे, ते कळत नाही, म्हणून मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. फारच खेटून असेल तर वरचा भाग कापून मुळं जागेवरच ठेवायचीही पद्धत आहे, हे मला तेव्हा कळलं. आतल्या बाजूनं जिभेची नस जाते. ती तर ओपीजीत दिसतच नाही. तिथे सर्जनचा हातच कामाला येतो.

बाईंनी दोन प्रश्न विचारले. सुपारी, गुटखा? आणि हाडं ठिसूळ होण्यावर काही औषध, इंजेक्शन? दुसरा मला गमतीशीर वाटला. पण बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांनंतर दाढ काढली तर जखम न भरता जबड्याचं हाड उघडं पडून मरू शकतं, हे अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 मध्ये लक्षात आणून दिलं. सुपारीचं विचारलं ते माझ्या तोंडात दोनच बोटं शिरत होती म्हणून. माझं तोंड आखडलं होतं ते सुजेनं, चार दिवसांत. सुपारीनं ते वर्षानुवर्षं मिटत जातं: त्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत कोलॅजनचे, म्हणजे चिवट तंतूंचे, पट्टे साचत जातात. केनियातल्या भारतीय बायकांमध्ये श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी. पुढे त्यात कर्करोगाचा धोका असतो. त्यामुळे दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण दिसला की दाढ काढत बसू नये, आधी तुकडा काढून तपासून घ्यावा.

मुंबईत या कामासाठी महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे मुंबई सेंट्रलला, आणि सरकारी दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. केसपेपर काढा, रांग लावा, आधी शिकाऊ डॉक्टर बघतील, मग वरिष्ठ. वेळ जातो, पण एका छपराखाली सगळ्या शाखा असतात. खासगी दवाखान्यांत बहुधा ‘आमच्याकडे शनिवारी सर येतात’ असं ऐकू येतं. यात वावगं काही नाही. फक्त रविवारी पहाटे रक्त थांबलं नाही तर फोन कोण उचलणार, ते आधी विचारून ठेवावं. आणि सूज गळ्याकडे उतरली, जिभेखालचा भाग वर आला, गिळता येईना, तर शनिवारची वाट बघू नये. लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला हा संसर्ग श्वास कोंडतो. थेट मोठं रुग्णालय गाठावं.

माझी सूज आधी औषधांनी उतरवली. आठवड्यानं दाढ निघाली, तीन तुकड्यांत. गरम काही प्यायचं नाही, ओढून प्यायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं. भूल रात्री आठच्या सुमारास उतरू लागली. नऊला चमच्यानं आइस्क्रीम खाल्लं. खालच्या ओठाला ते दोन्हीकडे सारखंच गार लागलं.