चार अक्षरं अलीकडेच थांबणारं एन्झाइम

मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सोलापूरकर दुपारी घराबाहेर पडत नाही. पायरोकॉकस फ्युरिओसस हा जीव मात्र १०० अंशांना सर्वांत जोमानं वाढतो. इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळच्या तापलेल्या सागरी गाळात तो सापडला. त्याला सर्रास बॅक्टेरिया म्हणतात, ते चूक. तो आर्किया; बॅक्टेरियासारख्याच एकपेशीय, पण वेगळ्या कुळातल्या जीवांचा हा गट १९७७ साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी वेगळा काढला. डीएनएची नक्कल करणारी त्याची बहुतेक प्रथिनं आपल्या पेशीतल्या प्रथिनांच्या जवळची आहेत.

उष्णतेनं डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचा (बेसचा) अमिनो गट गळतो आणि त्याचं युरॅसिल होतं. सायटोसिनची जोडी ग्वानिनशी, युरॅसिलची अ‍ॅडेनिनशी. तशीच नक्कल झाली तर चूक कायमची.

डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. त्याचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा: तळवा, बोटं, अंगठा. नवं अक्षर तळव्यात जोडलं जातं. आर्कियाच्या बी-कुळातल्या पॉलिमरेजला शिवाय एन-टोकाकडे (प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीच्या टोकाकडे) एक खाच असते. साचा म्हणून वापरायची साखळी तळव्यात शिरण्याआधी या खाचेजवळून सरकते. युरॅसिल आलं की ते खाचेत चपखल बसतं आणि एन्झाइम चार अक्षरं अलीकडेच थांबतं. मग थायमिन का अडकत नाही? थायमिन म्हणजे युरॅसिलच, फक्त पाचव्या कार्बनवर एक मिथिल गट जास्त. तो खाचेच्या भिंतीला आपटतो. सायटोसिनचे हायड्रोजन बंध तिथे जुळत नाहीत. एन्झाइममधलं ९३व्या जागचं व्हॅलिन हे अमिनो आम्ल काढून तिथे ग्लुटामिन घातलं, की युरॅसिलही आत मावत नाही आणि एन्झाइम न थांबता पुढे जातं. 

पीसीआर, म्हणजे तापवणं-थंड करणं आलटून पालटून करत डीएनएच्या असंख्य प्रती काढणं. ते करणाऱ्याला या खाचेची झळ बसते. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला वापरतात ते टॅक पॉलिमरेज खऱ्याखुऱ्या बॅक्टेरियाचं. युरॅसिलसमोर अ‍ॅडेनिन बसवून ते मोकळं होतं. अचूकतेसाठी पायरोकॉकस फ्युरिओससचं पॉलिमरेज, म्हणजे पीएफयू, घेतलं आणि ९५ अंशांच्या ३०-३५ सायकल दिल्या, तर मिश्रणातल्या थोड्या डीसीटीपीचं (सायटोसिनच्या सुट्या कच्च्या मालाचं) डीयूटीपी (युरॅसिलचं) होतं. ते नव्या साखळ्यांत शिरतं, पुढच्या सायकलला पीएफयू त्याच साखळ्यांवर अडतं, आणि प्रती कमी झाल्यानं जेलवर डीएनएचा पट्टा (बँड) फिका येतो. उपाय म्हणजे डीयूटीपी मोडणारं डीयूटीपेज हे एन्झाइम घालणं किंवा बदललेल्या खाचेचं एन्झाइम वापरणं. बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया दिलेल्या डीएनएवर साधं पीएफयू वापरूच नये, तिथे मुद्दामच सायटोसिनचं युरॅसिल केलेलं असतं. वेळही जास्त द्या: हजार अक्षरांना ७२ अंशांवर टॅकला साधारण एक मिनिट, पीएफयूला दोन.