मराठवाड्यात कॅथोलिक पद्धतीने लग्न: अर्ज कुठे, कागदपत्रे कोणती, परवानगी कधी लागते

तारीख आणि मंगल कार्यालय ठरवण्याआधी, निदान तीन महिने अगोदर, आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना भेटा. आपल्या भागात लग्न अडते ते बहुधा दोन गोष्टींवर: मुलामुलीचे नाते आणि दुसऱ्या बाजूचा बाप्तिस्मा. दोन्हींची परवानगी बिशप कार्यालयातून येते, आणि पत्रिका छापून झाल्या म्हणून तिथले काम लवकर होत नाही.

लग्न दोघांपैकी कोणाच्याही धर्मग्रामात लावता येते. एखाद्या ठिकाणी महिनाभर वास्तव्य असेल तर तिथेही चालते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलेली माणसे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात आणि लग्न मे महिन्यात धरतात. मग तयारीला वेळच उरत नाही. तोडीला निघण्याआधी अर्ज देऊन ठेवा. चौकशी आणि विवाहपूर्व शिबिर कारखान्याजवळच्या धर्मग्रामातही करता येते. तिथल्या फादरांचे पत्र इकडे आणायचे.

वयाबाबत तडजोड नाही. चर्चच्या कायद्यात किमान वय मुलाला १६ आणि मुलीला १४ असले, तरी भारतात मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण हवीत. आधार आणि टी.सी. यांवरच्या जन्मतारखा जुळत नसतील तर आधी ते निस्तरा. बालविवाह लावणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा बाप्तिस्म्याचा दाखला, आणि तो सहा महिन्यांच्या आतला, नव्याने काढलेला लागतो. घरातला जुना दाखला खरा असला तरी चालत नाही, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याच ओळीसमोर दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि आधीचे लग्न यांची नोंद होत असते. माणूस लग्नाला मोकळा आहे की नाही हे त्या नोंदीवरून कळते. गावात नवा धर्मग्राम झाला असेल तर जुनी वही मूळ धर्मग्रामात शोधावी. वहीत ‘योसेफ’ आणि आधारवर ‘संजय’ असे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत द्या. शिवाय दृढीकरणाचा दाखला, शिबिराचे प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, आणि दुसऱ्या धर्मग्रामातल्या पक्षाकडून तिथल्या फादरांचे ना हरकत पत्र लागते. विधवा-विधुरांनी मृत्यूचा दाखला जोडावा. कोर्टाचा घटस्फोट मात्र चर्चमध्ये पुरेसा नाही. पहिला विवाह मुळातच अवैध होता असा चर्चच्या धर्मप्रांतीय (बिशपांच्या) न्यायालयाचा निर्णय हवा. डिसेंबर २०१५ पासून त्यासाठी दोन ऐवजी एकच निकाल पुरतो.

आता नाते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा ही स्थळे आपल्याकडे पहिल्यांदा पाहिली जातात, पण चर्चच्या कायद्यात चौथ्या अंशापर्यंतच्या रक्ताच्या नात्यात सूट (नियमातून बिशपांनी दिलेली मोकळीक) न घेता लावलेले लग्न अवैध ठरते. मोजायची रीत सोपी: समान पूर्वज सोडून, मुलगा-मुलगी दोघांना धरून, मधली सगळी माणसे मोजायची. मुलगा, त्याची आई, मामा, मामाची मुलगी: चार अंश, म्हणून बिशपांची सूट लागते आणि सबळ कारण असेल तर ती मिळू शकते. मामा-भाचीत अंश तीनच होतात. तिथे सूट मिळणे फार अवघड. आईच्या मामेबहिणीची मुलगी मात्र सहा अंशांवर जाते, तिला सूट लागत नाही. नाते लपवू नका. नंतर उघड झाले तर विवाहाची वैधताच जाते आणि त्याची झळ मुलीला जास्त बसते.

दुसरा पक्ष प्रोटेस्टंट असेल, जसे जालन्याकडे स्कॉटिश मिशनच्या काळापासून अनेक कुटुंबे आहेत, तर ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ पाण्याने झालेला बाप्तिस्मा मान्य असतो आणि बिशपांची परवानगी पुरते. फक्त ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळींचा बाप्तिस्मा मान्य नाही. अशा वेळी, आणि पक्ष हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असेल तेव्हाही, परवानगी नव्हे तर सूट लागते. ही सूट नसेल तर विवाह अवैध. मात्र धर्म बदलण्याची सक्ती नाही. आपला विश्वास जपीन आणि मुलांना कॅथोलिक संस्कार मिळावेत म्हणून शक्य ते सर्व करीन, हे वचन फक्त कॅथोलिक पक्ष देतो. दुसऱ्याला त्याची कल्पना दिलेली असावी लागते.

चौकशीत फादर दोघांना वेगवेगळे बसवून विचारतात: लग्न स्वखुशीने आहे का, आधी कुठे शब्द दिला आहे का. मुलीने इथे मोकळेपणाने बोलावे, हा प्रश्न तिच्यासाठीच आहे. नंतर चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा होते, रूढीप्रमाणे तीन रविवार. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) बहुतेक ठिकाणी लग्ने टाळतात. शुभ शुक्रवारी आणि पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी लागतच नाहीत.

विधीला फादर आणि दोन साक्षीदार हवेतच. वधूवर स्वतः संमतीचे शब्द उच्चारतात, मग अंगठ्या आणि मंगळसूत्राला आशीर्वाद. एक पक्ष बाप्तिस्मा न घेतलेला असेल तर विधी मिस्साविना (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेविना), बायबलच्या वचनपाठासह होतो.

चर्चच्या वहीतील नोंद भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ खाली होते. पासपोर्ट, रेशनकार्डासाठी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणेही ९० दिवसांत विवाह निबंधकाकडे, गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), तीन साक्षीदारांसह नोंद करून घ्या. चर्चच्या वहीत सही करण्याआधी नावाचे स्पेलिंग आधारशी ताडून पाहा.