वाफेवर चालणारे लघुइंजिन (घरगुती बांधणी)

रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची लहान प्रमाणातली, पण खरोखर कोळसा जाळून आणि पाण्याची वाफ करून धावणारी प्रतिकृती घरच्या कार्यशाळेत घडवण्याचा छंद. कपाटात मांडायचे शोभेचे नमुने आणि विजेच्या मोटरीवर फिरणाऱ्या खेळगाड्या यात मोडत नाहीत. हे इंजिन स्वतःच्या वाफेवर चालते आणि मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या चालकालाही ओढून नेते. काम बहुधा एकट्याने, फावल्या वेळात होते. त्यामुळे एका इंजिनाला पाच-दहा वर्षे लागली तरी कोणाला नवल वाटत नाही. सांगाडा आणि चाके तयार झाली, बॉयलर मात्र कधी झालाच नाही, अशी इंजिनेही पुष्कळ असतात.

इंजिनाचा आकार रुळांमधल्या अंतरावरून, म्हणजे गेजवरून सांगतात. प्रमाण गेजच्या (१,४३५ मिमी) तुलनेत साडेतीन इंची (८९ मिमी) गेजचे इंजिन सोळा पट लहान, पाच इंची (१२७ मिमी) गेजचे सुमारे अकरा पट, तर सव्वासात इंची (१८४ मिमी) गेजचे सुमारे आठ पट लहान असते. उत्तर अमेरिकेत साडेसात आणि पावणेपाच इंची गेजही रूढ आहेत. ४५ आणि ३२ मिमी गेजची इंजिने बहुधा गॅस किंवा स्पिरिटवर चालतात; त्यांवर माणूस बसत नाही. लहान इंजिन करायला सोपे, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात आकार जितका लहान तितका चुकीला वाव कमी, आणि आगही तितकीच लहरी. मोठ्या इंजिनाची अडचण वेगळी: ते उचलायचे कसे आणि ठेवायचे कुठे?

या छंदाची सगळी गंमत, आणि सगळी डोकेदुखीही, एकाच गोष्टीत आहे. इंजिन लहान करता येते. पाणी, आग आणि वाफ लहान करता येत नाहीत. लांबी सोळा पटींनी घटवली की पृष्ठभाग २५६ पटींनी आणि आकारमान ४,०९६ पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन जेमतेम २४ किलोंचे होते. पण सिलिंडरमधल्या वाफेच्या मानाने तिला थंड करणारी भिंत सोळा पट जास्त होते. परिणामी वाफ काम करण्याआधीच भिंतीवर पाणी होऊन बसते. म्हणून वाफ भट्टीतून किंवा धूरनळ्यांतून (बॉयलरमधून भट्टीचा धूर नेणाऱ्या नळ्यांतून) फिरवून आणखी तापवण्याचा, म्हणजे सुपरहीटरचा, उपयोग छोट्या इंजिनात फार मोठा. बॉयलरमधल्या नळ्यांचेही तसेच. मूळ इंजिनातली पन्नास मिमीची धूरनळी हिशेबाने तीन मिमीची व्हायला हवी; ती काजळीने तेव्हाच बुजेल. म्हणून प्रत्यक्षात दहा मिमीच्या आसपासच्या थोड्याच नळ्या घालतात. बाहेरून हुबेहूब आणि आतून जाणूनबुजून वेगळे, असेच चांगले लघुइंजिन असते.

हे कळायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतक्या लहान भट्टीत कोळसा टिकणार नाही असा समज होता, आणि बॉयलरखाली स्पिरिटचे दिवे लावण्याची पद्धत होती. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने याविरुद्ध वाद मांडला. टोपणनाव लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वे कंपनीच्या आद्याक्षरांवरून घेतलेले. त्याच्या ‘आयेशा’ या अवघ्या अडीच इंची गेजच्या, कोळशावरच्या इंजिनाने जिवंत माणसाला ओढून दाखवले, आणि ‘बॉयलरची लढाई’ म्हणून ओळखला गेलेला तो वाद कोळशाच्या बाजूने लागला. पुढे कित्येक वर्षे १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनियर’ या नियतकालिकात, घरी फक्त एक छोटा लेथ असलेल्या माणसाला जमेल अशा भाषेत, तो एकेक इंजिन पायरीपायरीने शिकवत राहिला. त्याचे ‘टिच’ हे चार चाकांचे छोटे इंजिन आजही नवखे लोक करायला घेतात.

बांधणीची सुरुवात चासीपासून, म्हणजे सांगाड्यापासून होते. साडेतीन आणि पाच इंची गेजला सुमारे तीन मिमी जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या दोन बाजू लागतात. त्या एकमेकींना जोडून, एकत्रच भोके पाडून कानसायच्या असतात. वेगवेगळ्या केल्या तर आस तिरके बसतात आणि ती चूक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. चाके बिडाची ओतीव. ती लेथवर कातताना सर्व चाकांचा शेवटचा काप हत्याराच्या एकाच मांडणीत घेतात, म्हणजे व्यास तंतोतंत सारखे येतात. मग चाके आसावर बसवायची ती अशी, की डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये (चाक फिरवणारा दांडा जिथे जोडतात त्या भागांमध्ये) काटकोन राहील. त्यामुळे एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला असताना दुसऱ्या बाजूचा पुऱ्या जोरात असतो, आणि इंजिन कुठल्याही स्थितीतून निघते. इथे एक बारकावा आहे: कोन अगदी ९० अंशांचा नसला तरी चालून जाते, पण सगळ्या आसांवर तो एकसारखा हवा. नाहीतर चाकांना एकमेकांशी जोडणारे जोडदांडे दर फेऱ्याला आवळतात.

सिलिंडर गनमेटलचे (एक प्रकारच्या ब्राँझचे) किंवा बिडाचे असतात. वाफ केव्हा आत सोडायची आणि केव्हा तोडायची हे झडपयंत्रणा ठरवते. स्टीफन्सन आणि वालशार्ट्स या दोन यंत्रणा सर्वाधिक दिसतात. हा भाग जुळला की बहुतेकजण चाके अधांतरी ठेवून संकुचित हवेवर इंजिन फिरवून बघतात. बॉयलर अजून व्हायचा असतो, पण त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कार्यशाळेत बोलावले जाते.

बॉयलर बहुधा तांब्याचा करतात. तांबे उष्णता झटकन वाहून नेते, गंजत नाही आणि तापवून विझवले की इतके मऊ होते की साच्यावर लाकडी हातोडीने ठोकून त्याच्या कडा वळवता येतात. ठोकता ठोकता ते पुन्हा कडक होते. मग पुन्हा मंद लाल होईपर्यंत तापवायचे. सांधे चांदीच्या डाखाने जोडतात. सध्याच्या कॅडमियमविरहित मिश्रधातूत सुमारे ५५ टक्के चांदी असते आणि तो ६३० ते ६६० अंश सेल्सियसला वितळतो. (जुन्या डाखातल्या कॅडमियमचा धूर विषारी असतो, म्हणून तो टाळतात.) डाख फटीत आपोआप ओढला जातो, पण फट केसाएवढीच हवी आणि धातू स्वच्छ हवा. खरी परीक्षा उष्णतेची असते. तांबे उष्णता पसरवत राहते, त्यामुळे एक सांधा वितळणबिंदूपर्यंत न्यायचा तर अख्खा बॉयलर तापवावा लागतो, आणि तोही आधीचे सांधे न उकलता. शिवाय या तापवण्याने सगळे तांबे मऊ पडते. म्हणून पत्र्याची जाडी मऊ तांब्याच्या ताकदीवरूनच ठरवतात. भट्टीच्या सपाट भिंती दाबाने फुगू नयेत म्हणून त्यांना आडव्या-उभ्या कांड्यांनी, म्हणजे स्टेंनी, बॉयलरच्या बाहेरच्या कवचाला बांधतात. बॉयलरवरची बुशे, म्हणजे इतर भाग जोडण्यासाठी बसवलेली आटेदार कडी, पितळेची नव्हे, ब्राँझची हवीत. गरम पाणी पितळेतले जस्त हळूहळू खाऊन टाकते.

पूर्ण झालेल्या बॉयलरची चाचणी पाण्याच्या दाबाने घेतात. कामाचा दाब साधारण ५.५ ते ७ बार असतो. पहिली चाचणी त्याच्या दुप्पट दाबावर. पाणी दाबले जात नसल्याने सांधा फुटला तरी नुसती गळती होते. हीच चाचणी हवेने घेतली तर साठलेली ऊर्जा स्फोटासारखी बाहेर पडेल, त्यामुळे हवेने चाचणी घेणे हा निव्वळ अविचार ठरतो. वैध चाचणी-प्रमाणपत्राशिवाय अनेक क्लब इंजिन रुळांवर येऊच देत नाहीत.

उरलेल्या भागांत इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणारा भाग, सर्वांत हट्टी. वाफेची धार थंड पाण्यात विरते आणि त्या वेगानेच पाणी त्याच बॉयलरमध्ये ढकलले जाते, ही आन्री जिफार याची १८५८ ची युक्ती. लघुइंजिनात त्याच्या शंकूचे छिद्र मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. कचऱ्याचा कण, हवेची बारीक गळती किंवा कोमट पाणी, काहीही त्याला बंद पाडायला पुरते. म्हणून शहाणा माणूस आसावर चालणारा पंप आणि हातपंपही ठेवतो. पाणीदर्शक काचनळी फार अरुंद असेल तर पाणी तिच्या भिंतीला धरून राहते आणि पातळी खोटी दिसते. पाणी उतरून भट्टीचे छत उघडे पडले की बॉयलरच धोक्यात येतो, त्यामुळे ही चूक स्वस्त नाही.

पेटवताना धुराड्यावर छोटा पंखा ठेवतात, कारण हवा खेचणारी वाफच अजून तयार नसते. रॉकेलात भिजवलेला लाकडी कोळसा आधी, दगडी कोळसा मागून. एकदा चालू लागले की सिलिंडरातून सुटलेली वाफ धुराड्यातून वर जाताना आग फुलवते: काम वाढले की आगही वाढते. प्रेरक चाकांवर २० किलो भार असेल तर इंजिन सुमारे ५ किलोंची ओढ देते. सपाट रुळांवर ट्रॉलीसह १०० किलोंच्या माणसाला एक-दीड किलो ओढ पुरते. शंभराला एक असा चढ आला की ही गरज जवळजवळ दुप्पट होते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून होणाऱ्या कार्यक्षमता-स्पर्धेत कोळशातली उष्णता आणि केलेली ओढ मोजतात. चांगल्या इंजिनाची कार्यक्षमताही काही थोड्या टक्क्यांतच भरते.

फेरी संपली की आग काढून टाकायची, उरलेल्या दाबाने गाळ बाहेर सोडायचा, आणि नळ्या ब्रशने साफ करायच्या. धूरपेटीतली (धुराड्याखालच्या पेटीतली) राख मात्र त्याच दिवशी झाडावी. ती ओल धरते आणि पोलादी पत्रा आतून खाते.