रात्री धक्क्यावर गळ टाकताना: उजेडाची कड आणि पाण्याची ओढ

बेळगावकडच्या हिडकलच्या धरणावर किंवा मार्कंडेय नदीच्या डोहात ज्याचा हात बसलाय, तो समुद्राच्या धक्क्यावर पहिल्या रात्री बहुधा रिकाम्या पिशवीने परततो. यात नशिबाचा भाग कमी आणि सवयीचा जास्त. गोड्या पाण्यात जागा एकदा सापडली की निम्मं काम झालं. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावायचं आणि बसायचं. रोहू-कटला फिरत फिरत येतात. धक्क्याखालचं पाणी दर तासाला वेगळं असतं. त्याची उंची बदलते, वाहण्याची दिशा आणि वेग बदलतो, पावसानंतर खारटपणाही बदलतो. त्यामुळे घाट उतरून वेंगुर्ल्याला, गोव्यात किंवा कारवारला जाण्याआधी पहिला प्रश्न ‘कुठे बसायचं’ हा नाही, ‘पाणी कधी धावणार’ हा आहे.

त्याचं उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मिळतं. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, तेव्हा पूर्ण भरती साधारण तीनला. अष्टमीला सहाला. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, कारण चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की भरतीचं चक्र पुन्हा तिथूनच सुरू होतं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, तिथीचा पाऊण तास तिथून आला. पण हे गणित मुंबईकडचं आहे. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून गोवा-कारवारला तीच भरती सुमारे तासभर आधी येते. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढउतार करतं, खाली गोव्याकडे जेमतेम दोन मीटर. शिवाय इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर बंदराचं भरतीचं कोष्टक पाहावं. तिथीचा हिशेब कोणता शनिवार धरायचा हे ठरवायला पुरतो.

शुक्ल चतुर्थी घ्या. गोव्याच्या बाजूला पूर्ण भरती रात्री दोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा तळ आठच्या आसपास. दुपारी बेळगावहून निघालेला माणूस अंधार पडता पडता धक्क्यावर पोचतो तेव्हा पाणी तळाला असतं. खांब, दगड, खड्डे डोळ्यांनी पाहून घ्यायची ती वेळ. चंद्र साडेनऊ-दहाच्या सुमारास मावळतो, पुढे अंधारच. उधाणाचा जोर अमावास्येच्या दिवशी नव्हे तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे चतुर्थीलाही पाण्यात बऱ्यापैकी ओढ उरलेली असते. (कृष्ण चतुर्थीला भरतीच्या वेळा त्याच, पण चंद्र नेमका ऐन वेळी उगवतो. वर संकष्टी! मासे फ्रीजमध्ये आणि आपण साबुदाण्यावर.)

आता आठ ते दोन या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १ असे वाटले जातात. चढ दोन मीटरचा असेल तर दहा ते बारा या दोन तासांत पाणी तासाला अर्धा मीटर चढतं, पहिल्या आणि शेवटच्या तासात कसंबसं १५-१७ सेंटीमीटर. वाहणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी, तारलीची पिल्लं, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आपोआप येतं. मोठ्या माशाला ते पाठलाग करून पकडण्याची गरज नसते. तो खांबामागच्या थोपलेल्या पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. पाणी थांबलं की हा फुकटचा पुरवठाही थांबतो आणि मासा पांगतो. जेवणाचा डबा उघडायचा तो या वेळेला. दहा-बाराच्या दरम्यान जेवायला बसणाऱ्याने घरीच थांबलेलं बरं.

खाडीच्या तोंडावरच्या धक्क्यांना उलट नियम लागू पडतो. तिथे ओहोटी जास्त मोलाची, कारण खारफुटीत शिरलेली कोळंबी आणि पिल्लं उतरत्या पाण्याबरोबर बाहेर फेकली जातात.

दिव्याबद्दल एक अर्धवट समज आहे, की मासे उजेडाला येतात. खरं तर उजेडाला येतात ते प्राणिप्लवक, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव आणि अळ्या. रात्री ते तसेही खालून वर येतात, दिव्याखाली गोळा होतात. त्यांच्यामागे बोईची, तारलीची पिल्लं. तांबोशी, गोबरो, चणक (रायगडाकडे याला जिताडा म्हणतात) हे शिकारी उजेडाच्या मध्यभागी येत नाहीत, सावलीत कडेला थांबतात. अंधारातून उजेडातलं भक्ष्य लख्ख दिसतं. उजेडातल्या पिल्लाला अंधारातलं काही दिसत नाही. चणकाच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, तोच प्रकाश दृष्टिपटलावरून दोनदा जातो. म्हणून बॅटरीच्या झोतात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकतो.

तेव्हा आमिष टाकायचं ते सावलीच्या कडेवर, आणि ती कड रात्रभर एका जागी राहत नाही. दिव्याचा खांब धक्क्याच्या काठापासून ३ मीटर आत आहे आणि दिवा फरशीपासून ५ मीटर उंच आहे असं धरा. ओहोटीला पाणी फरशीच्या ३ मीटर खाली असेल तर धक्क्याची सावली काठापासून १.८ मीटर पुढे पडते. भरतीला पाणी फरशीच्या १ मीटर खाली आलं की तीच सावली फक्त ०.६ मीटर उरते. म्हणजे आठ वाजता जिथे चावे आले ती जागा दोन वाजता भर उजेडात असते. अनेक जण लांब फेकण्याच्या नादात असतात; मासा मात्र पायाखाली, खांबाला चिकटून. रॉडच्या टोकाखाली सरळ सोडलेला गळ अनेकदा पन्नास मीटरच्या फेकीपेक्षा जास्त कामाचा.

स्वतःची बॅटरी पाण्यावर मारू नये. अंधारात माशाच्या डोळ्यातल्या मंद प्रकाशाच्या पेशी पुढे सरकतात, रंगाच्या पेशी मागे जातात. ही अदलाबदल मिनिटांत होते, क्षणात नाही. अचानक झोत पडला की मासा काही काळ आंधळाच. डोक्यावरच्या बॅटरीला लाल प्रकाश असेल तर तो वापरावा, कारण लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो. मुद्दाम पाण्यात दिवा सोडणारे हिरवा निवडतात. किनाऱ्याच्या गढूळसर पाण्यात तोच जास्त खोल जातो.

काही रात्री पाणी स्वतःच उजळतं. हे काम बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचं. पाणी ढवळलं की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया होऊन निळसर प्रकाश पडतो. दिसायला सुंदर, गळाला मात्र वाईट: तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) हलला की त्याची रेघ चमकते आणि माशाला सगळं कळतं. अशा रात्री बारीक तंगूस लावायचा, आमिष तळाशी ठेवायचं आणि हात आवरायचा.

सामानाचं थोडक्यात. ८-९ फुटी रॉड, ४००० ते ५००० मापाचं रील, ०.४० मिलिमीटरचा तंगूस. खांबांवर कालवं बसलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. म्हणून शेवटचा अर्धा मीटर ०.६० मिलिमीटरचा. मुख्य दोरीत भोकाचं ४० ते ८० ग्रॅमचं शिसं ओवायचं, खाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग जाड तुकडा आणि १/० किंवा २/० मापाचा गळ. शिसं दोरीवर सरकतं राहिलं की माशाला ओढताना वजन जाणवत नाही. तळाला दगड असतील तर शिसं ओवू नये; स्विव्हलला बारीक, ०.२५ मिलिमीटरच्या तुकड्याने बांधावं. अडकलं तर तेवढंच तुटतं. शिशाऐवजी गॅरेजमधला जुना स्पार्क प्लगही चालतो.

रीलचा ड्रॅग (किती ओढ बसली की दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक) अंदाजाने घट्ट करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ०.४० चा तंगूस साधारण नऊ-दहा किलो पेलतो, पण गाठीत ताकद घटते आणि नायलॉन पाणी पिऊन आणखी थोडा मऊ होतो. म्हणून ड्रॅग अडीच ते तीन किलोवर सुटायला हवा. बॅग तोलायचा हूकवाला काटा दोरीला लावून ओढून पाहिलं की कळतं.

मासा दमला म्हणजे हातात आला असं नाही. पाण्यात त्याचं वजन जवळजवळ शून्य, पाण्याने उचलून धरलेलं. पृष्ठभागाबाहेर आला की तीन किलोचा मासा पूर्ण तीन किलोचा होतो, वर झटके देतो ते वेगळेच. रॉडने उचलायला गेलात तर तंगूस तरी तुटतो, ओठ तरी फाटतो. त्यासाठी ६०-७० सेंटीमीटर रिंगचं जाळं दोरीने खाली सोडायचं, मासा डोक्याकडून त्यावर आणायचा. दोरी ओहोटीच्या उंचीला पुरली पाहिजे, आठ-दहा मीटर घ्यावी.

आमिषाला संध्याकाळच्या बाजारातली कोळंबी, तारलीचे तुकडे, माणकीच्या (स्क्विडच्या) पट्ट्या. कोळंबी गोड्या पाण्यात किंवा वितळत्या बर्फात बुडवली की पाणी आत शिरून ती फुगते, पांढरी पडते आणि गळावरून गळते. कोरड्या पिशवीत जाडं मीठ मारून बर्फावर ठेवावी.

पावसाळ्यानंतर खाड्यांत आणखी एक गंमत. खानापूरच्या जंगलात पडलेला पाऊस म्हादईतून, पुढे मांडवी होऊन पणजीच्या धक्क्यांखालून जातो. (चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला वळून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते.) गोडं पाणी हलकं, समुद्राचं दर लिटरला सुमारे २५ ग्रॅम जड, म्हणून गोडं वर तरंगतं आणि खारं त्याच्याखालून पाचरीसारखं आत घुसतं. वरच्या थरात शेंगाळे लागत असतील तर शिसं वाढवून तळ गाठावा, खाली वेगळीच वस्ती असते.

शेंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना मिळून तीन विषारी काटे असतात, पाकटाच्या शेपटीवर दातेरी काटा. टोचला तर ते विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने मोडतं. सोसवेल इतकं गरम, सुमारे ४५ अंशांचं पाणी घेऊन त्यात हात अर्धा ते दीड तास बुडवावा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासावं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. मग डॉक्टरकडे, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. थर्मासभर गरम पाणी बरोबर असणं म्हणून शहाणपणाचं. केंड मासा फुगून वर आला तर पक्कडीने गळ काढून परत सोडावा. त्याचं विष शिजवून जात नाही, ‘साफ करून खातात’ असं कोणी सांगितलं तरी ऐकू नये. मोठा चणक लागला तर त्यालाही सोडण्याचा विचार करावा: हा मासा नर म्हणून वाढतो आणि नंतर मादी होतो, मोठे म्हणजे बहुधा अंडी घालणारे.

परतीचा घाट तीन-चार तासांचा, आणि बेळगावकरांचा मासा खराब होतो तो इथे. बांगडा, सुरमई, गेदर यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. उबेत जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात आणि ते एकदा तयार झालं की तळून-उकळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांधी. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. मासा मारताच कल्ले कापून रक्त काढायचं, मग दोन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा लगद्यात बुडवायचा. खाऱ्या पाण्यातला बर्फ शून्याच्या किंचित खाली जातो आणि माशाला सगळीकडून चिकटतो, म्हणून नुसत्या खड्यांपेक्षा लवकर गार करतो. निघताना पाणी काढून थर्माकोलच्या पेटीत मासा आणि बर्फ समान वजनाचे थर.

वळिवाच्या दिवसांत वीज कडाडली की कार्बनचा रॉड आडवा ठेवून आडोशाला जायचं. कार्बनमधून वीज वाहते. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारवारला हे विशेष पाळावं.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी रील धुवायचं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे न धुतलेलं रील कपाटातही ओलंच राहतं. त्यात ॲल्युमिनियम, पोलाद आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. ड्रॅग घट्ट करून नळाच्या मंद धारेखाली धरावं. बादलीत बुडवू नये, जोराचा फवाराही मारू नये, नाहीतर मीठ बेअरिंगपर्यंत पोचतं. पुसून, ड्रॅग सैल करून, हँडलच्या सांध्यात तेलाचा एक थेंब. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत ते तसंच पडून राहणार असेल तर दोन थेंब.