पार्श्वभूमी: निवृत्त पात्राचा निरोप आणि त्याच्या मागे उरणारे सामान

रोलप्लेच्या, म्हणजे अनेकांनी मिळून ऑनलाइन पात्रे वठवण्याच्या खेळाच्या, सर्व्हरवरून एखादे पात्र निवृत्त होते तेव्हा मागे तीन गोष्टी उरतात: नाव, वस्तू आणि नोंदी. निरोपाचा प्रसंग कसा रंगवायचा हे खेळाडू ठरवतात. या तीन गोष्टींचे पुढे काय करायचे हे मात्र सर्व्हरचा कोड आणि तो चालवणारी मंडळी ठरवतात. निरोपाच्या आज दिसणाऱ्या बहुतेक प्रथा या दुसऱ्या निर्णयातून पडत गेल्या आहेत.

सुरुवातीच्या काळात निरोपाला जागाच नव्हती. १९७८ साली एसेक्समधल्या एका विद्यापीठात सुरू झालेल्या 'मड' या मजकुरी खेळात मरणाचे दोन प्रकार होते. खड्ड्यात पडून किंवा बुडून मेलात तर परत येता येई. लढाईत मेलात तर पात्राची नोंदच पुसली जाई. १९८९मध्ये पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात 'टायनीमड' सुरू झाला. त्यात गुण मिळवण्यापेक्षा गप्पा आणि खोल्या बांधणे यालाच महत्त्व होते, आणि पात्र काढून टाकण्याची आज्ञा होती '@टोड'. ती चालवली की पात्राचा बुळबुळीत बेडूक होई. आज्ञा शिक्षेसाठी लिहिलेली होती. आपणहून, मानाने निघणाऱ्यासाठी वेगळी सोय कुणी केलीच नव्हती. हा सर्व्हर १९९०च्या एप्रिलमध्ये बंद पडला. पुढे दर ऑगस्टमध्ये एका दिवसासाठी तो चालू करून जुन्या पात्रांनी तिथे भेटायची प्रथा पडली.

१९९०पासून 'टायनीमश', 'पेनमश' असे 'मश' म्हणून ओळखले जाणारे मजकुरी सर्व्हर आले आणि खऱ्या अर्थाने दीर्घकाळ चालणाऱ्या भूमिका सुरू झाल्या. एकच पात्र सात-आठ वर्षे लिहिले जाऊ लागले. त्याचे घर, घरातल्या खोल्या, खोल्यांना जोडणारे दरवाजे, खिशातले पत्र हे सगळे डेटाबेसमधल्या क्रमांक असलेल्या वस्तू, आणि प्रत्येक वस्तूला एक मालक. म्हणून मालकाला पुसण्याआधी त्याची मालमत्ता कुणाकडे जाणार हे सांगावेच लागते. पेनमशमध्ये त्यासाठी दोन सेटिंग्ज आहेत. एक ठरवते की पात्राबरोबर त्याच्या वस्तूही नष्ट करायच्या का. दुसरी वारस नेमते. तिचे नावच 'प्रोबेट जज', म्हणजे वारसाहक्काचा न्यायाधीश, आणि तिथे काही बदल केला नसेल तर सगळे सामान १ क्रमांकाच्या मुख्य विझार्डच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य चालकाच्या, नावावर चढते. वस्तूंसकट पुसणे निवडले तर दहा वर्षांत उभी राहिलेली चावडी एका आज्ञेत जाते आणि तिथे राहणारी इतर पात्रे कोड ठरवेल त्या ठिकाणी जाऊन पडतात.

खरी गोची क्रमांकांची आहे. वस्तू नष्ट केली की तिच्यावर 'जाणार' अशी खूण बसते, पुढच्या सफाईत दुसऱ्यांदा बसते आणि त्यानंतरच ती खरोखर जाते. नेहमीच्या सेटिंगमध्ये सफाई साधारण दर दहा मिनिटांनी होते. म्हणजे चूक झालीच तर '@अनडिस्ट्रॉय' करायला हाती मिनिटेच असतात. मोकळा झालेला क्रमांक पुढच्या नव्या वस्तूला मिळतो. निवृत्त सरदाराचा क्रमांक वाड्याच्या हिशेबाच्या कोडमध्ये कुणी हाताने लिहून ठेवला असेल, तर महिन्याभराने त्याच क्रमांकाचा नवा खेळाडू, किंवा एखादी खुर्ची, त्या कोडच्या लेखी सरदार ठरते. म्हणून नंतर क्रमांकाला निर्मितीची वेळ जोडून ओळख पक्की करण्याची सोय आली. तरीही जाणते स्टाफ निवृत्त पात्र पुसतच नाहीत. पासवर्ड बदलतात, पात्र 'फ्रीझर' म्हणून राखलेल्या खोलीत हलवतात, चॅनेल आणि गटांतून काढतात, सार्वजनिक वापराच्या खोल्या दुसऱ्याच्या नावावर करतात आणि ईमेल पत्त्यासारखी खासगी माहिती खोडतात. अर्धा तास लागतो, पण पुढची कित्येक भांडणे टळतात.

सगळ्यांत मोठा वाद मात्र कोडबाहेरचा आहे: निवृत्त पात्र दुसऱ्याला द्यायचे की बंद करायचे?

कादंबऱ्यांतून आधीच माहीत असलेल्या जगावर चालणाऱ्या 'पर्नमश', 'एलेंडॉर' यांसारख्या खेळांत राजा, सेनापती, दुर्गप्रमुख अशा मोजक्या मुख्य भूमिका असतात. ती करणारा निघून गेला की वीस-पंचवीस जणांची कथा अडून बसते. म्हणून अशी भूमिका यादीत परत टाकून नवा अर्जदार घेण्याची पद्धत पडली. नाटक कंपनीत नट बदलला तरी भूमिका नाटकाचीच राहते, तसेच हे, असे या बाजूचे म्हणणे. मुख्य भूमिकांपुरते ते पटण्यासारखे आहे. पण हीच पद्धत हळूहळू खेळाडूंनी स्वतः रचलेल्या पात्रांनाही लावली जाऊ लागली आणि तिथे बिघडले. रंगमंचावर संहिता आधी लिहिलेली असते. इथे संहिता त्या खेळाडूनेच रोज लिहिलेली असते, आणि तीही एकट्याने नाही. पात्राचा नवरा, धाकटी बहीण, वैरी यांचे खेळाडू तिथेच असतात आणि त्यांना एका सोमवारी त्याच नावाखाली परका माणूस बोलताना दिसतो. निरोप द्यायचा तरी कुणाला? पात्र तर समोर बसले आहे.

शिवाय व्यवहारातले धोके वेगळे. फक्त पासवर्ड बदलून पात्र हस्तांतरित केले तर जुना टपालपेटारा तसाच नव्या खेळाडूच्या हाती पडतो. सर्व्हरमधली पत्रे त्या वस्तूला चिकटलेली असतात, आणि त्यांत पात्रांच्या गोष्टींइतक्याच माणसांच्या खासगी गोष्टी असतात. म्हणून हस्तांतर करायचेच असेल तर त्याच नावाची नवी वस्तू तयार करावी, वर्णन आणि गुणांकन तेवढे उतरवावे, जुनी वस्तू नाव बदलून फ्रीझरमध्ये ठेवावी. मधे काही आठवडे भूमिका रिकामी ठेवावी. कथेत राजा मोहिमेवर गेला म्हणता येते आणि जवळच्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. ज्या पात्राची निर्मिती खेळाडूची, त्याचे हस्तांतर त्याच्या लेखी होकाराशिवाय होऊच नये. हा प्रश्न जाताना विचारून उपयोग नसतो, कारण जाणारे बरेचदा न सांगताच जातात. तो अर्जातच हवा: मी गेल्यावर पात्र बंद करा, सोपवा, की कथेत मारा. 'रोस्टर', म्हणजे यादीतून पात्र निवडायच्या, पद्धतीच्या खेळांनी पुढे हेच केले. तिथे प्रत्येक पात्र परत यादीत जाणार हे आत शिरतानाच मान्य करावे लागते. ज्याला ते नको तो तिथे खेळत नाही, म्हणून तक्रारही कमी होते.

गैरहजेरीचा नियम याच वादाचा धाकटा भाऊ. बहुतेक ठिकाणी तीस ते नव्वद दिवस लॉगिन नसेल तर पात्र आपोआप निवृत्त धरले जाते. परीक्षा, बाळंतपण, आजारपण यांत नव्वद दिवस सहज जातात. तशी सुट्टी आधी कळवण्याची आज्ञा असते, पण ती माहीत नसल्यामुळे पात्रे जातात आणि परत आलेल्या माणसाला आपला निरोपसमारंभ उरकल्याचे कळते. अंधारलेल्या शहरांवरच्या भयकथांच्या मशवर आणखी एक पेच होता. निवृत्त पात्राच्या अनुभव-गुणांचा काही भाग नव्या पात्राला देण्याची सवलत मिळू लागली, तेव्हा पात्रे कथेसाठी कमी आणि गुणांसाठी जास्त निवृत्त होऊ लागली. अशा निरोपाला शेजारी खेळाडू मनापासून येत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

प्रत्यक्ष निरोपाच्या सीनची रीत मशवरच घडली. बारा जण जमले आणि प्रत्येकाने एका पोझला (पात्राच्या कृतीचा किंवा बोलण्याचा एका वेळी लिहिलेला परिच्छेद) पाच मिनिटे घेतली, तर एक फेरी व्हायला पूर्ण तास लागतो. म्हणून 'तीन पोझ'चा नियम आला: आपल्यानंतर तिघांनी लिहिले की आपण पुन्हा लिहायला मोकळे, मग क्रम सांभाळत बसावे लागत नाही. आठपेक्षा जास्त माणसे असतील तर टेबलांची सोय चालू करावी म्हणजे कुजबुज फक्त त्या टेबलाला दिसते, आणि मुख्य भाषणे तेवढी सगळ्या खोलीत जातात. निघणाऱ्याची शेवटची पोझ आधी लिहून ठेवलेली बरी. ऐन वेळी तुटलेले कनेक्शन आणि भरून आलेले डोळे दोन्ही टायपिंगच्या आड येतात. सर्व्हर सहसा सीन साठवत नाही. लॉग, म्हणजे सीनची नोंद, आपल्या क्लायंटमध्ये (सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालू करावा लागतो, तोही दोघांनी, कारण एकाची लाइन गेली तर मधला तुकडा कायमचा जातो. नंतर त्यातून पेज (खासगी संदेश), चॅनेलच्या ओळी आणि कथेबाहेरच्या गप्पा काढून तो सगळ्यांना पाठवायचा. वेळेचा गोंधळही ठरलेला: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला ठेवलेला सीन पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो, हिवाळ्यात साडेसहाला आणि तिकडे उन्हाळी वेळ लागू असताना साडेपाचला.

चित्रमय खेळांनी ही रीत उचलली, पण मालमत्तेचे प्रश्न त्यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये शेवटचा सीन झाल्यावर पात्र डिलीट करणे हाच काहींचा निरोप होता. २०१४मध्ये डिलीट केलेले पात्र स्वतःच परत आणायची सोय आली आणि त्या कृतीचे वजन उतरले. याच खेळाच्या हार्डकोर सर्व्हरवर २०२३पासून एकदा मेलेले पात्र तिथे पुन्हा जिवंत होत नाही. मार्च २०२५मध्ये सर्व्हरवरच्या हल्ल्यांमुळे कनेक्शन तुटून पात्रे मेली, तेव्हा निर्मात्यांनी ती उठवण्याचा निर्णय घेतला. हल्लेखोराने मारलेल्यांना न्याय मिळाला हे खरे. पण साध्या लाइन-तुटीने गेलेली पात्रे गेलीच राहिली, आणि ही रेघ कुठे ओढायची यावर वाद झाला.

'सिटी ऑफ हीरोज' या खेळात तर अख्खे शहरच निवृत्त झाले. ऑगस्ट २०१२च्या अखेरीस बंदची घोषणा आली. सप्टेंबरमध्ये रोलप्लेवाल्यांच्या 'व्हर्च्यू' सर्व्हरवर अ‍ॅटलस पार्कमध्ये मशाली घेऊन पात्रे जमली आणि ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले. ज्यांनी पोशाखाची फाइल आपल्या संगणकावर सेव्ह केली होती त्यांना २०१९मध्ये चाहत्यांचे सर्व्हर उघडल्यावर तोच पोशाख पुन्हा चढवता आला. पातळी, पदके आणि मित्रयादी मात्र त्या फाइलमध्ये नव्हती.

'फायनल फँटसी चौदा'मध्ये जुने पात्र सदस्यत्व थांबवल्यावरही शाबूत राहते, घर राहत नाही. खासगी घरात मालक स्वतः ४५ दिवस शिरला नाही तर ते पाडले जाते. सामायिक केलेल्या मित्राने रोज आत जाऊनही तो काटा मागे फिरत नाही. गिल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या गटाचे, घर असेल तर कुणाही सदस्याचा प्रवेश चालतो. पाडल्यानंतर ३५ दिवसांत मालकाने मागणी केली तर जमिनीच्या किमतीचे ८० टक्के परत मिळतात. फर्निचरही तेवढ्याच मुदतीत सोडवून घ्यावे लागते आणि त्यातल्या सगळ्याच गोष्टी परत येत नाहीत. जमीन मर्यादित आणि प्रतीक्षेतले लोक भरपूर, म्हणून नियम समजतो. मोठ्या नैसर्गिक आपत्तीत ही पाडापाडी काही काळ थांबवलीही जाते, जशी जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपानंतर थांबवली होती. तरी निरोपाचा सीन त्या घरात व्हावा असे वाटत असेल तर तो सदस्यत्व संपायच्या आत करावा, आवडती चार सामाने आधी गिल्डच्या पेटीत हलवावीत आणि अंगण, माजघर, तळघर यांचे फोटो खेळातल्याच फोटो-मोडमधून, पात्रे उभी करून काढून ठेवावेत.